टायरचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

कारंज्यात दिल्ली वेशीपासून मंगरूळ वेशीपर्यंत चालत गेले तर आता सायकली कमी आणि चारचाकी गाड्या जास्त मोजाव्या लागतात. आपल्या वस्त्यांतही घरापुढे गाडी उभी दिसू लागली आहे. बहुतेक गाड्या दुसऱ्या हाताच्या, काही बँकेच्या कर्जावरच्या. याला कोणी चैन म्हणत असेल तर त्याने एकदा रात्री दोन वाजता बाळंतीण अमरावतीला नेऊन पाहावी. शकुंतला आता धावत नाही, रात्रीची एस.टी. हाताशी नसते, आणि भाड्याची गाडी अडल्या माणसाकडून काय घेते हे सर्वांना ठाऊक आहे. पै-पै जमवून घेतलेली गाडी ही आज कष्टकरी कुटुंबाची गरज आहे.

पण गाडी आली की तिच्यामागे विमा येतो, आणि विम्याच्या मागे त्याची पिलावळ. नुसता विमा कोणी विकत नाही. 'झिरो डेप' घ्या, इंजिनचे घ्या, चावीचे घ्या, आणि हल्ली हमखास सांगतात ते टायरचे घ्या. "समृद्धीवरून जाता ना भाऊ? मग टायर प्रोटेक्ट पाहिजेच," असे एजंट म्हणतो आणि माणूस घाबरून मान हलवतो. गेल्या काही महिन्यांत चार-पाच कुटुंबांनी आम्हाला हाच प्रश्न विचारला. आम्ही विमा विकत नाही. कारकुनीत आयुष्य गेल्यामुळे बारीक अक्षरातला कागद शेवटपर्यंत वाचण्याची सवय मात्र आहे. त्या सवयीच्या बळावर हे चार शब्द.

आधी सक्तीचे काय ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे त्रयस्थ व्यक्तीचा, म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यांदा पकडले तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचे एक वेळ सोडून द्या. विमा नसताना आपल्या गाडीखाली कोणी दगावले, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकाच्या घरादारातून वसूल होते. लाखांच्या त्या आकड्यापुढे टायर म्हणजे चिल्लर! १ जून २०२२ ला ठरवून दिलेल्या दरांप्रमाणे १,००० सी.सी.पर्यंतच्या खाजगी गाडीचा हा हप्ता वर्षाला २,०९४ रुपये, आणि त्यावरील १,५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीचा ३,४१६ रुपये, अधिक जी.एस.टी. ज्याचा हाच विमा संपलेला आहे त्याने टायरच्या विम्याची चर्चाच करू नये. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हाही याच पंक्तीतला. घरात कमावणारा एकच असेल तर तो आधी.

आता मुख्य मुद्दा. ज्यांनी पूर्ण विमा काढला आहे, ज्यात आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून मिळते, त्यांना वाटते की टायर त्यात आलेच. तसे नाही. आपल्या देशातील मोटार पॉलिसीचा ठराविक मसुदा असा आहे की टायर-ट्यूबचे नुकसान तेव्हाच भरून मिळेल, जेव्हा त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल, आणि तेही टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे खड्ड्यात आपटून फक्त टायर फाटला, गाडीला ओरखडाही नाही, तर मिळणार शून्य. टायर फुटून गाडी दुभाजकावर गेली, तर पत्र्याची भरपाई आणि टायरची निम्मी. ही जी फट आहे, तिथेच टायरचे जादा कलम विकले जाते.

हे कलम काय देते? खड्डा, दगड, धारदार वस्तू यांमुळे टायर कापला, फुटला किंवा त्याला फुगा आला, तर टायर बदलून देण्याचा खर्च. काय देत नाही? साधे पंक्चर देत नाही. झिजलेला टायर देत नाही. कारखान्यातला दोष देत नाही, त्यासाठी टायर कंपनीची वॉरंटी असते. नुसता टायर चोरीला गेला तर सहसा देत नाही. हवा कमी-जास्त ठेवून टायर खराब केला असे सर्व्हेअरने लिहिले तरी हात वर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्याने रस्त्यावर चालवण्यालायकच राहत नाही, मग त्याची भरपाई कुठली? शिवाय बऱ्याच पॉलिसींत टायर जितका झिजला तितकी रक्कम कापतात. काही कंपन्या पूर्ण किंमत देणारा प्रकारही विकतात, त्याचा हप्ता जास्त. रिमचे कलम कुठे सोबत असते, कुठे वेगळे. हा सगळा तपशील कंपनीगणिक बदलतो, म्हणून "सगळं कव्हर आहे" या तोंडी शब्दावर जाऊ नये. पॉलिसीचा मसुदा मागावा, आणि त्यात 'वगळलेल्या बाबी' हे पान पहिले वाचावे.

आता थोडा हिशेब करू. समजा एजंटने लहान गाडीच्या टायर-कलमाचे वर्षाला १,००० रुपये सांगितले. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून झाले १,१८०. तीन वर्षांचे ३,५४०. लहान गाडीचा साधा ट्यूबलेस टायर तीन ते साडेचार हजारांत येतो. म्हणजे तीन वर्षांत आपण जवळपास एक टायर कंपनीला आगाऊच देऊन बसतो. वसूल व्हायचा तर तीन वर्षांत एक टायर नक्की फाटला पाहिजे, तोही झिजायच्या आत. अर्धा झिजल्यावर फाटला आणि कंपनीने झीज कापली, तर हाती येणार दीड-दोन हजार. मग एक नव्हे, दोन टायर फाटले तर बरोबरी! २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे खिशातून टायर घेणेही पूर्वीपेक्षा थोडे हलके झाले आहे.

हेच १०० रुपये महिन्याला बचतगटात किंवा पोस्टात टाकले तर तीन वर्षांत ३,६०० होतात, आणि टायर फाटला नाही तर ते आपलेच राहतात. यावर एका ताईंनी आम्हाला चांगलेच सुनावले होते. "साचवलेले पैसे पोरीच्या फीला जातात, मग टायर फाटला तर कुठून आणायचे?" बोलणे खरे आहे. पण फीला गेलेला पैसा घरातच कामी आला, हप्त्यात गेलेला परत येत नाही.

शोरूममध्ये नवी गाडी घेताना हेच कलम वेगळ्या रूपाने समोर येते. तीन वर्षांचे पॅकेज म्हणून सांगतात आणि रक्कम कर्जात मिळवून देतात. "महिन्याला सव्वाशेच तर वाढतात साहेब." ६,००० रुपये पाच वर्षांच्या कर्जात १० टक्के व्याजाने घातले तर महिन्याला सुमारे १२७ रुपये, आणि फिटेपर्यंत ७,६०० च्या वर. तीन वर्षांत संपणाऱ्या वस्तूचे हप्ते पाच वर्षे! घ्यायचेच असेल तर रोखीने, एका वर्षापुरते घ्यावे. आणि त्याआधी टायर कंपनीचे कागद पाहावेत. काही कंपन्या नव्या टायरची नोंदणी केली तर ठराविक काळापर्यंत रस्त्यावरच्या नुकसानीचीही वॉरंटी देतात. फुकट मिळते ते पुन्हा विकत का घ्यावे?

मग हे कलम कोणासाठी ठीक? ज्याची गाडी मोठी आहे, टायर रुंद आणि बुटके, एकेक टायर दहा-बारा हजारांच्या पुढे, अलॉय चाके, आणि गाडी नवी असून रोज खराब रस्त्यावर पळते, त्याला ते परवडू शकते. त्याचा एक टायर फाटला तरी हप्ता निघतो. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांची गाडी अशी असेल. बाकीच्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे : घेऊ नका.

रिमसाठी वेगळे कलम घ्यावे का, हेही विचारतात. खड्ड्यात आपटून रिम वाकले तर तो अपघातच आहे, पूर्ण विम्यात ते बसते. पण दावा करण्यापूर्वी पेन्सिल घ्यावी. गाडी पाच वर्षांवरची असेल तर लोखंडी भागावर ४० टक्के घसारा कापतात. २,००० चे रिम झाले १,२०० चे. त्यातून लहान गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. हाती आले २०० रुपये. आणि त्या २०० रुपयांपायी पुढच्या वर्षीचा 'नो क्लेम बोनस' गेला! सलग तीन वर्षे दावा नसेल तर हा बोनस ३५ टक्के असतो, पाच वर्षांनी ५० टक्के. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ६,००० असेल तर ३५ टक्क्यांचे २,१०० होतात. दोनशे मिळवायला एकवीसशे घालवायचे. टायर-कलमाचा दावा केला तर बोनस जातो की राहतो, हेही विकत घेण्यापूर्वी लेखी विचारावे.

समृद्धीची भीती दाखवतात, त्याबद्दल सविस्तर बोलले पाहिजे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला आहे. सिमेंटचा रस्ता, वैशाखातले वऱ्हाडचे ऊन आणि ताशी १२० चा वेग. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता वाढते, आणि जुने रबर तिथे दगा देते. विमा हे थांबवत नाही. विमा फुटल्यानंतर येतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसे गेली. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते, पण आर.टी.ओ.च्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचे नमूद झाले. टायरच्या नावावर पुष्कळ काही खपते, एवढेच यातून घ्यावे.

आपल्याच वाशिम जिल्ह्यातला प्रकार पाहा. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मालेगाव ते वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान समृद्धीवर लोखंडी फलक पडला होता. त्यावरून गेलेली ५० हून अधिक वाहने पंक्चर झाली आणि लोक थंडीत रात्रभर अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ भेगा बुजवण्यासाठी लावलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि पुन्हा गाड्यांची चाके बसली. अशा वेळी टायर-कलम किती उपयोगी? ज्याचा टायर कापला गेला त्याला काही मिळेल. ज्याचे नुसते पंक्चर त्याला काही नाही. त्या रात्री लेकराबाळांसह अडकलेल्यांना हवी होती ती मदत : कोणी येऊन चाक बदलून देणारा, गाडी ओढून नेणारा. त्यासाठी 'रोडसाइड असिस्टन्स' हे वेगळे कलम असते आणि ते टायर-कलमापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. लांबचा प्रवास करणाऱ्याने जादा पैसे टाकायचेच असतील तर आधी तिथे टाकावेत. रस्त्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना जाब विचारण्याचे काम वेगळे, ते विम्याने सुटत नाही.

एक धोक्याची सूचना. आपली काही मुले खाजगी पाटीची गाडी घेऊन लग्नाचे, दवाखान्याचे भाडे मारतात. पोटासाठी करतात, आम्ही नावे ठेवत नाही. पण खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. भाड्यावर असताना नुकसान झाले तर टायरचाच काय, पूर्ण गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो. अशांनी टायर-कलमावर खर्च करण्याऐवजी परवाना आणि व्यावसायिक विमा यांची वाट धरावी.

ज्यांनी कलम घेतलेलेच आहे त्यांनी टायरचे बिल जपावे, फाटल्यावर टायर फेकून न देता जागेवरच फोटो काढावेत, आणि सर्व्हेअर पाहण्याआधी बदलू नये. दावा नाकारला तर नकार लेखी मागावा. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, त्याला फी लागत नाही. १५५२५५ या क्रमांकावर विमा नियामकाकडेही तक्रार नोंदवता येते. वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. हप्त्यासारखी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथेही फी नाही.

आणि ज्यांनी घेतले नाही त्यांनी या रविवारी एवढे करावे. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. दुसऱ्या हाताची गाडी घेताना नक्षी नवी दिसते, पण रबर सहा-सात वर्षांचे निघते, म्हणून हा आकडा सौदा होण्यापूर्वी पाहावा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. भिंतीला फुगा दिसला तर त्या टायरवर गावाबाहेर जाऊ नये. हे सगळे चारही चाकांचे झाल्यावर डिकी उघडून स्टेपनीही पाहावी, कारण तिच्यात हवा आहे की नाही हे बहुतेकांना गरज पडेल त्याच रात्री कळते.