मावा खाणाऱ्या किड्यांचा आहार

कळव्यातल्या चाळींतून कुणी डब्यात, कुणी पायरीशेजारच्या मातीत वाल नाही तर चवळी लावते. शेंड्यांवर काळा मावा बसला, मुंग्यांची ये-जा सुरू झाली की आपण औषधाची बाटली शोधतो. भगिनींनो, त्याआधी पान उलटून पाहावे, असे आम्ही सुचवू. तिथे काळसर, इवल्या मगरीसारखी अळी दिसली तर मारू नका. मुले तळहातावर घेऊन खेळतात तो ठिपक्यांचा ढालकिडा हिच्यातूनच तयार होतो. दोघांचेही अन्न मावाच.

पोटभर मावा मिळालेली अळी उबदार हवेत साधारण 8-10 दिवसांत कोषात जाते. अर्धपोटी अळीला जास्त दिवस लागतात, तिचा किडा लहान राहतो, मादी अंडीही कमी घालते. अगदीच उपासमार झाली तर ती आपल्या भावंडांनाच खाते! शिवाय अन्न कसले आहे यालाही महत्त्व आहे. कण्हेर-रुईच्या विषारी चिकावर पोसलेला पिवळा मावा काही जातींच्या ढालकिड्यांना बाधतो.

क्रायसोपा नावाचा हिरवट, जाळीदार पंखांचा किडा प्रयोगशाळेत वाढवतात, तो तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर. जुन्या तांदळाचे दाणे जाळीने चिकटतात, ती याच पतंगाच्या अळीची करणी. आपल्या डब्यातला शत्रू तिथे असा कामी येतो. क्रायसोपाच्या अळ्याही एकमेकींना खातात, म्हणून त्यांना वेगवेगळ्या खणांत ठेवावे लागते. मोठेपणी मात्र त्याला पराग आणि मध लागतो.

सगळेच भक्षक असे पर्यायी अन्न स्वीकारत नाहीत. 2002 मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पुढे राज्यभर पसरला. त्याला खाणारी डिफाची अळी शेतातच सापडली. पण तिला वाढवायला लोकरी मावाच लागे. तेव्हा शेतात जाळी उभारून, माव्यासकट उसावरच तिला वाढवले गेले आणि अळ्या असलेली पाने दुसऱ्या शेतांत नेऊन लावली गेली.

जहाल फवारणीने मावा आणि ढालकिडा दोन्ही मरतात. माव्याची मादी नराशिवायही पिले देते, त्यामुळे तो लवकर परततो. ढालकिड्याला वेळ लागतो. आणि तीच शेंग दोन दिवसांनी आपल्या मुलांच्या ताटात येते. मावा फार झाला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, थोडा राहू द्यावा. जवळ कोथिंबिरीची चार रोपे फुलावर येऊ द्यावीत. त्या फुलांवर क्रायसोपाचेही पोट भरते.