आठ दिवस इटलीचे, तयारी वर्षाची

आपल्याकडच्या बायका प्रवास करत नाहीत, असं कोण म्हणतं? माहूरला जातात, तुळजापूरला जातात, वारीला जातात. भाचीच्या लग्नाला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं की नांदेडच्या दवाखान्यात आठ-आठ दिवस सतरंजीवर झोपतात. होत नाही ती एकच गोष्ट. नुसतं स्वतःला बरं वाटावं म्हणून बाई घराबाहेर पडत नाही.

आता दिवस बदललेत. कंधारसारख्या गावातल्या घरांतूनही मुलं पुण्या-हैदराबादला नोकरीला लागली, काही परदेशी गेली. मग एखाद्या दिवशी फोन येतो, “आई, या उन्हाळ्यात तुम्ही दोघं युरोपला जाऊन या.” आईचं उत्तर ठरलेलं असतं, “तुमचे बाबा जातील रे, मी घर बघते. मेमध्ये कुरडया-पापड असतात, पाण्याचा टँकर कोण घेणार?”

मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामातून मी अनेक घरांत जाते आणि हे वाक्य मला बऱ्याच घरांत ऐकू येतं. खरी अडचण कुरडयांची नसते. पासपोर्ट नसतो, खात्यावर पैसा नसतो, ‘आपल्याला तिकडं काय जमणार’ अशी भीती असते. “नको” म्हटलं की सगळं झाकून जातं. म्हणून आज जरा नीट हिशेब मांडू. उदाहरणाला इटली घेऊ. दक्षिण युरोपातला हा देश आपल्या लोकांच्या आवडीचा आहे, आणि आठ दिवसांत त्यातला चांगला भाग बघून होतो.

एकच देश का?

जाहिरातीत ‘पंधरा दिवसांत दहा देश’ वाचलं की वाटतं, पैसे वसूल! पण अशा सहलीत दिवस बसमध्ये जातो आणि रात्र बॅग भरण्यात. आठ दिवस असतील तर एक देश आणि तीनच गावं धरा. रोमला तीन रात्री, फ्लोरेन्सला दोन, व्हेनिसला दोन. रोम ते फ्लोरेन्स वेगवान रेल्वेने दीड तास लागतो आणि तिथून व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास. म्हणजे आपल्या नांदेड-परभणी प्रवासासारखंच.

जायच्या आधी वाचनालयातून मीना प्रभूंचं ‘रोमराज्य’ मिळतं का बघा. ग्रीसचा विचार असेल तर त्यांचंच ‘ग्रीकांजली’ आहे. मराठीतून वाचून गेलं की तिथले दगड बोलायला लागतात. नाहीतर आपण नुसते फोटो काढून परत येतो.

कधी जायचं?

युरोप म्हणजे थंडगार, हा आपला समज. पण दक्षिण युरोपचा भर उन्हाळा आपल्या मराठवाड्याला लाजवेल असा असतो. इटलीच्याच सिसिली बेटावर ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. ग्रीसमध्ये जुलै २०२३ मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा अथेन्सचं जगप्रसिद्ध अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारच्या वेळी पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. लाखो रुपये खर्चून इकडच्या उन्हातून तिकडच्या उन्हात जायचं, यात काय शहाणपण?

म्हणून मे महिना उत्तम. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, पारा ४२-४३ वर असतो आणि रोममध्ये दुपारी साधारण २३-२४ अंश. जुलै-ऑगस्ट टाळाच. १५ ऑगस्टला तिकडे ‘फेर्रागोस्तो’ नावाचा मोठा सण असतो. त्या सुमारास तिथलेच लोक सुट्टीवर जातात आणि बरीच दुकानं बंद असतात.

कागद स्वतःच्या नावाचे

आता मुद्द्याचं. मेमध्ये जायचं तर तयारी आदल्या दिवाळीच्याही आधी सुरू करा. पहिला कागद पासपोर्ट. त्यासाठी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, नांदेडलाही आहे. मोठ्या माणसाच्या साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आणि तो दहा वर्षं चालतो.

इथे आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावाशी. आधार कार्डावर सासरचं आडनाव, दहावीच्या सनदेवर माहेरचं, बँकेत नवऱ्याने सांगितलेलं तिसरंच, आणि स्पेलिंग तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या नावात एका कागदावर ‘बाई’ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. तेवढ्यासाठी दोन महिने गेले. तेव्हा आज संध्याकाळीच आधार, पॅन, बँकेचं पासबुक असं सगळं पुढ्यात घेऊन बसा आणि नावाची अक्षरं जुळतात का बघा. अर्जाबरोबर लग्नाचा दाखला जोडण्याची सक्ती डिसेंबर २०१६ मध्येच काढून टाकली आहे. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर तेही ठेवता येतं.

दुसरा कागद व्हिसा. इटली शेंगेन गटात आहे. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आल्यावर या गटात २९ देश झाले. एका व्हिसावर या सगळ्या देशांत फिरता येतं, पण ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. शेवटपर्यंत थांबू नका, कारण उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी शिल्लक हवी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः मोठ्या शहरातल्या केंद्रावर जावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात उतरल्यावर तिथेही ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. घाबरायचं काही कारण नाही, सगळ्यांचेच घेतात.

पैसा कुणाचा?

व्हिसा देणारे बँकेचा उतारा मागतात. गृहिणीचा खर्च नवरा किंवा मुलगा करणार असेल तर त्याचं तसं पत्र, त्याचं विवरणपत्र, त्याच्या खात्याचा उतारा चालतो. पण बाईच्या स्वतःच्या खात्यावर थोडीफार नियमित शिल्लक असली तर तिची बाजू भक्कम होते. आणि फक्त व्हिसापुरतंच कशाला, एरवीसुद्धा होते! आपल्या बायका पैसे साठवतात, पण डाळीच्या डब्यात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम खात्यात आली की शंका घेतली जाते. त्यापेक्षा भिशीचे, शिवणाचे, दुधाचे पैसे दर महिन्याला खात्यात टाकायची सवय आतापासून लावा.

सहल कंपनीतर्फे जाणार असाल तर पॅकेजवर टीसीएस नावाचा कर आधीच कापतात. ज्याच्या पॅनवर तो कापला जातो, त्याला विवरणपत्र भरून तो जमा धरता येतो. पावती सांभाळून ठेवा. पॅकेजमध्ये व्हिसा फी, विमा, दुपारचं जेवण, प्रवेश तिकिटं यातलं काय काय धरलंय, हे लेखी मागा. “सगळं येतं मॅडम त्यात” यावर विसंबू नका.

एकटीने जायची भीती वाटत असेल तर फक्त बायकांच्या सहलीही निघतात. वीणा पाटील यांनी ‘केसरी’त असताना अशा सहली सुरू केल्या आणि २०१३ मध्ये ‘वीणा वर्ल्ड’ काढल्यावरही चालू ठेवल्या. आता इतरही कंपन्या काढतात. चार कंपन्यांचे दर आणि अटी ताडून बघा.

तिथल्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड घ्या, आणि ते स्वतःच्या नावावर घ्या. युरोचा हिशेब करताना शंभराने गुणायचं आणि थोडं वर धरायचं, म्हणजे बाजारात फसगत होत नाही.

पोटाची सोय

“तिकडं खायचं काय?” हा आपला पहिला प्रश्न. इटली त्या मानाने सोपी आहे. मार्गेरिता पिझ्झा मिळतोच. मारिनारा पिझ्झावर तर चीजही नसतं, नुसता टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. पीसा, जेनोवा या भागात हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडं मिळतं. कुठे त्याला फरिनाता म्हणतात, कुठे चेचिना. एक घास खाल्ला की बेसनाच्या पोळ्याची आठवण येईल. मात्र कडक शाकाहारी बायकांनी एक लक्षात ठेवा. पार्मेजान चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आणि रिसोत्तो हा भात बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करून जा.

बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे न्या. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ मात्र नेऊ नका. बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. धपाटे न्यायचे तर दही न घालता करा!

हॉटेलात बसल्याबद्दल माणशी ‘कोपेर्तो’ म्हणून थोडे पैसे बिलात लावतात, ती फसवणूक नाही. पाणी मात्र रोममध्ये विकत घेऊच नका. रस्तोरस्ती अखंड वाहणारे लोखंडी नळ आहेत, सुमारे अडीच हजार, आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. प्रसिद्ध त्रेवी कारंज्याला पाणी येतं ते इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेल्या जलवाहिनीच्या मार्गाने. हे बघताना आपल्या कंधारच्या जगत्तुंग समुद्राची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. राष्ट्रकूटांनीही पाण्याचा विचार दगडात बांधून ठेवला होता. आपण त्याकडे किती बघतो, तो भाग वेगळा.

आणखी एक गंमत सांगते. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबहून गेलेले अनेक शीख कामगार गाई सांभाळतात. तिथल्या नोवेल्लारा गावात २००० साली मोठा गुरुद्वारा झाला. नांदेडच्या लंगरचं वरण-पोळी जेवलेल्या आपल्या लोकांना इटलीतही असं ताट मिळू शकतं, हे वाचूनच किती धीर येतो!

अंगाची तयारी

ही गावं पायी बघायची असतात. रस्ते दगडी, पूल चढ-उताराचे. नव्या चपला घालून गेलात तर दुसऱ्या दिवशी खोलीतच बसाल. महिनाभर आधीपासून सकाळी तासभर चाला. आपल्या किल्ल्याच्या खंदकाकडेने चाललं तरी सराव होतो. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. सार्वजनिक स्वच्छतागृहात धुण्यासाठी पाण्याची सोय बहुधा नसते, म्हणून एक लहान बाटली आणि सुटी नाणी जवळ असू द्या. सोनं घरीच ठेवा, साधी पोत घाला. गर्दीत पर्स पुढे घ्या. व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा आपला पंजाबी ड्रेस तिथे अगदी शोभून दिसतो. अडचण आली तर ११२ हा नंबर फिरवा.

आणि घर?

हा कागद कुठल्याच कंपनीच्या यादीत नसतो, पण तोच सगळ्यात जड. आठ दिवस सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, टँकर कोण घेणार, गॅस संपला तर काय, हे लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येक कामापुढे घरातल्या माणसाचं नाव घाला. दोन महिने आधी एका शनिवार-रविवारी रंगीत तालीमही करा. बहिणीकडे जा आणि दोन दिवस घर त्यांच्यावर सोडा. पोळी वाकडी होईल, दूध उतू जाईल, पण घर बुडणार नाही. आणि नवऱ्याबरोबर गेलात, तर तिकडेही त्यांचे मोजे शोधायचं काम तुमच्याकडे नको, हे इथूनच ठरवून निघा. नाहीतर सुट्टी त्यांची आणि ड्यूटी तुमची!

सगळ्यांनाच इटली परवडेल असं नाही. सोयाबीनला भाव नाही, पाऊस बेभरवशाचा, हे मला ठाऊक आहे. गोव्याला गेलात, महाबळेश्वरला गेलात तरी आनंद तोच. पण नावाची अक्षरं जुळलेले कागद, खात्यावरचे चार पैसे आणि आठ दिवस बाईशिवाय चालू शकणारं घर, या तीन गोष्टी प्रवासाला गेलं नाही तरी कामाला येतात. उद्या बँकेत कर्जाला लागतील, लेकीच्या शिक्षणाला लागतील, वेळप्रसंगी एकटं उभं राहायला लागतील.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने “आई, जाऊन ये” म्हटलं, तर लगेच “नको” म्हणू नका. “तारीख सांग” म्हणा.