अण्णांची नोटीस

सकाळी ६:००
उसाला दारं धरून शेतातून परतलो. ओसरीत लॅपटॉप उघडतोय तोच शेजारच्या अण्णांचा फोन. "बाळा, ती नोटीस उघडंना. नुसती डाऊनलोड होतीय. माझ्या मोबाईलला मराठी चालत नसंल." एका सहकारी संस्थेचं संकेतस्थळ मी सांभाळतो, नोटीस तिथलीच. अण्णांनी दोष स्वतःच्या मोबाईलला दिला, हे मनाला लागलं.

८:००
कर्ल या साधनानं नोटिशीचं फक्त हेडर मागवलं. कंटेंट-टाईपपुढे 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम'. म्हणजे नुसते बाइट, प्रकार माहीत नाही. असा माल ब्राउझर दाखवत नाही, उतरवून ठेवतो.

९:३०
चूक माझीच निघाली. काल एका नव्या फाईलप्रकारासाठी सर्व्हर ब्लॉकमध्ये 'टाईप्स'ची नोंद केली होती. एन्जिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरमध्ये आतल्या पातळीवर 'टाईप्स' लिहिलं की वरून आलेल्या यादीत भर पडत नाही, अख्खी यादीच बाद होते. नोंद तिथून काढून मूळ यादीत नेली. कॉन्फिग तपासून रीलोड केलं.

११:००
नोटीस उघडली, पण मराठीच्या जागी परक्या चिन्हांचा खच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. ब्राउझरनं दुसरं एकबाइटी एन्कोडिंग गृहीत धरलं की एकाची तीन चिन्हं होतात. एचटीएमएल पानात मेटा टॅगनं एन्कोडिंग सांगता येतं, या नोटिशीसारख्या साध्या मजकुराच्या फाईलीत टॅग लिहायची सोय नाही. तिथं सर्व्हरनंच सांगायला हवं. 'कॅरसेट यूटीएफ-८' ही ओळ घातली, आणि नोटीस सरळ मराठीत आली.

दुपारी १:३०
जेवताना आठवलं: ही प्रकार सांगायची पद्धत मुळात ईमेलसाठीची. नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ती १९९२ साली मांडली, इंग्रजीपलीकडची अक्षरं आणि चित्रंही टपालातून धड पोचावीत म्हणून. म्हणजे आपल्या मराठीची सोय त्यात होतीच, वापरायची राहिली होती.

३:००
पीडीएफ, सीएसएस, चित्रं, एकेक फाईल मागवून हेडर ताडून पाहिलं. घाई केली नाही.

५:३०
नीरा-बारामती रस्त्यावर चहाला अण्णा भेटले. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नोटीस मोठ्यानं वाचली. म्हटलं, "अण्णा, तुमचा मोबाईल चांगला आहे. चूक माझ्याकडं होती."

रात्री ९:००
कॉन्फिगमध्ये 'कॅरसेट'च्या त्या ओळीच्या वर मराठीत शेरा लिहून ठेवला: 'ही ओळ काढू नये. हिच्यावाचून गावाला नोटीस वाचता येत नाही.'