उघड्या खिडकीचा हक्क

जुन्या नाशकात वाडे बांधणाऱ्या गवंड्यांना डेसिबल हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु रस्त्यावरचा गलबला घरात कुठवर येऊ द्यावयाचा, हे त्यांना नेमके कळत होते. रस्त्याकडे ओटा आणि देवडी, मग चौक, आणि माजघर त्याच्याही पलीकडे. भिंती हातभर जाड, रस्त्याच्या अंगाला खिडक्या मोजक्या. ऊन, धूळ आणि चोर यांच्यासाठी केलेली ही मांडणी आवाजाचाही परस्पर बंदोबस्त करीत असे. रविवार कारंजावर बाजाराचा गजबजाट असला तरी वाड्याच्या आतल्या खोलीत दुपारचा डोळा लागू शके.

आजच्या सदनिकेत हे अंतर उरलेले नाही. निजण्याची खोली आणि हमरस्ता यांच्यामध्ये एक पातळ भिंत व एक सरकती काच, एवढाच काय तो आडोसा. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो आणि उड्डाणपूल झाल्यापासून त्यावरची रहदारी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून धावू लागली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दिवसा झोपावे लागते, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला रात्री जागून अभ्यास करावा लागतो. दोघांचीही गरज एकच आहे. ती म्हणजे चार-सहा तासांची शांतता.

ही शांतता घरातल्या घरात काही प्रमाणात मिळविता येते. नऊ इंची, गिलावा केलेली विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडविते. खिडकीची साधी काच तीसच्या आतबाहेरच. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा वाटणे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंतील तफावत कळते. त्याहून घातक असतात त्या फटी. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असो, एकूण अटकाव २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून पहिला खर्च दाराखालची फट बुजविण्यावर आणि खिडकीच्या चौकटीला रबरी पट्टी लावण्यावर व्हावा. पोकळ दाराऐवजी भरीव, जड दार आणि पहिल्या काचेपासून बोटभर नव्हे, चांगले वीतभर अंतर सोडून बसविलेली दुसरी काच, हे त्यापुढचे उपाय. भिंतीला थर्माकोल वा अंड्यांचे पुठ्ठे चिकटविल्याने मात्र खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो, बाहेरचा आवाज थांबत नाही. कुंपणाच्या एका ओळीतल्या झाडांनी वाहने दिसेनाशी होतात, ऐकू येतच राहतात. बिनखर्चाचा उपाय वाड्याने शिकविलेलाच आहे: पलंग आणि अभ्यासाचे टेबल मागच्या खोलीत न्यावे, रस्त्याच्या बाजूला स्वयंपाकघर किंवा बैठक ठेवावी.

परंतु या साऱ्या उपायांना एक अट आहे. खिडकी बंद पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत नाशकातल्या सामान्य कुटुंबाने ती बंद करून जगावे कसे? ज्याला वातानुकूलन यंत्र आणि त्याचे वीजबिल परवडते, त्याला शांतता विकत घेता येईल. शिक्षकाला, कारकुनाला किंवा सिडकोच्या छोट्या घरात राहणाऱ्या कामगाराला वारा आणि झोप यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल. तेव्हा विचार उघड्या खिडकीचाच झाला पाहिजे.

तो झालेलाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले की, शांत झोपेसाठी खोलीत आवाजाची सरासरी पातळी ३० डेसिबलहून अधिक नसावी. किलकिली खिडकी सुमारे १५ डेसिबल अडविते असे धरले, तर बाहेरची मर्यादा ४५ येते. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा नेमकी ४५ डेसिबलच आहे, दिवसाची ५५. म्हणजे नियम पाळला गेला तर खिडकी उघडी ठेवून झोपता येते. हमरस्त्याच्या कडेला ७० डेसिबल सहज भरतात. मग उघड्या खिडकीच्या आत ५५ उरतात, आणि कायद्याने बाहेर अभिप्रेत असलेली शांतता आतही लाभत नाही.

यावर सणासुदीचा मुद्दा हटकून पुढे येतो. नाशिकच्या ढोलाने साऱ्या महाराष्ट्रात नाव मिळविले आहे आणि त्याचा अभिमान गैर नाही. पण राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिवर्धकांना मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा त्याच नियमांत आहे. सणाला जागा ठेवूनच नियम केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले की, आवाज वाढवून तो इतरांच्या कानांवर लादण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही आणि शांततेने जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. शिवाय वर्षातील उरलेले साडेतीनशे दिवस झोप उडविणारा सण नसतो; तो विनाकारण दाबलेला भोंगा असतो, पुंगळी काढलेली दुचाकी असते.

म्हणून रहिवाशाने फटी बुजवाव्यात हे खरे. तथापि त्याच्या कर्तव्याची सीमा त्याच्या चौकटीपाशी संपते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनिरोधनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. हमरस्त्यालगतच्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना जिने, न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरे रस्त्याकडे व शयनगृहे मागे असावीत, एवढा आग्रह महापालिकेला धरता येईल. रात्रीच्या आवाजाची मोजणी चौकाचौकांत होऊन आकडे लोकांसमोर मांडले जावेत आणि शाळा, रुग्णालये व न्यायालये यांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात पाटीबरोबर पोलीसही दिसावा. नागरिक आपापल्या खिडक्या बंद करून घेतात, तेव्हा तक्रारी कमी होतात आणि प्रश्न सुटल्याचा भास प्रशासनाला होतो. उन्हाळ्यातल्या रात्री निवासी भागातील किती खिडक्या निर्धास्तपणे उघड्या राहतात, यावरूनच या नियमांचे यश जोखले पाहिजे.