मंगळावरचें पाणी कोठें गेलें?



मंगळावर आज एकही नदी वाहत नाहीं. परंतु आटलेल्या नद्यांचीं पात्रें तेथें स्पष्ट दिसतात. मग तें पाणी गेलें कोठें? या प्रश्नाचा उलगडा करण्याच्या कामीं डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचा मोठा उपयोग झाला आहे.

लोलकांतून सूर्यप्रकाश गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हें आपण शाळेंत पाहिलेंच असेल. जांभळ्याच्याही पलीकडचे जे किरण, ते अतिनील किरण होत. प्रत्येक मूलद्रव्याचे अणु ठराविक लांबीच्याच लहरी शोषतात व परत फेंकतात. म्हणून लहर ओळखली कीं द्रव्य ओळखलें. हायड्रोजनची अशी मुख्य लहर १२१.६ नॅनोमीटर लांबीची आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

अडचण एवढीच कीं, आपल्या वातावरणांतील ऑक्सिजन ही लहर शोषून घेतो. जमिनीवरील दुर्बीण कितीही मोठी असो, या बाबतींत ती आंधळीच. म्हणून लहरी निवडून मोजणारें यंत्र, म्हणजे वर्णपटमापक, यानावर बसवून वातावरणाबाहेर धाडावें लागतें. १९६९ सालीं मॅरिनर ६ व ७ हीं अमेरिकन यानें मंगळाजवळून गेलीं, तेव्हां त्यांवरील वर्णपटमापकांस ग्रहाभोवतीं दूरवर पसरलेला विरळ हायड्रोजन आढळला.

हा हायड्रोजन मूळचा पाण्यांतला. वाफ उंच चढली कीं सूर्यकिरणांमुळें तिचें विघटन होतें. मंगळाचें गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारें ३८ टक्केच असल्यानें हलका हायड्रोजन तेथून सहज निसटतो. २०१४ सालीं मंगळाभोवतीं फिरूं लागलेल्या 'मेव्हन' यानाच्या वर्णपटमापकानें हायड्रोजन व त्याचा दुप्पट जड भाऊ ड्यूटेरियम यांच्या जवळजवळ सारख्या लहरीही वेगळ्या करून मोजल्या. मंगळ सूर्याच्या निकट असतां ही गळती पुष्कळ वाढते, असें दिसून आलें.

खारें पाणी आटत गेलें कीं खारटपणा वाढतो, आणि त्यावरून किती पाणी आटलें याचा अंदाज करतां येतो. येथें ड्यूटेरियम हेंच तें मीठ. हलका भाऊ आधीं निघून जातो, जड मागें राहतो. मंगळावरील पाण्यांत ड्यूटेरियमचें प्रमाण आपल्या समुद्राच्या सुमारें पांच-सहापट आहे. अर्थात् मंगळाचें पुष्कळ पाणी आकाशांत गेलें. कांहीं ध्रुवांवर बर्फरूपानें उरलें, कांहीं खडकांत मुरलें.

आपल्या पृथ्वीवर उंचावरील थंड थरांत वाफ गोठते व बहुतेक पाणी खालींच राहतें. आपले समुद्र टिकले आहेत, त्यांत या थंड थराचा वांटा मोठा आहे.