आपला हिशेब आपल्यापाशी

भडगावच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीची पुरी ओळख असते. गिरणाकाठच्या काळ्या रानात पाऊस पडला, की तो लगेच पेरणीस लागत नाही. बांधावर उभा राहून तो मूठभर माती हाती घेतो, दाबून पाहतो आणि वाफसा आला आहे की नाही, हे ठरवितो. विहीर किती वेळ उपसली म्हणजे तळ दिसू लागतो व ती पुन्हा भरण्यास किती अवधी लागतो, हेही त्यास ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात याच भडगावात सरकारचे एक प्रायोगिक शेत होते. अशा शेतात कोणते बी केव्हा पेरले आणि त्याचे पीक किती आले, याची नोंद हाच सर्व कामाचा पाया असतो.

जमिनीविषयीचा हा डोळसपणा मनुष्य स्वतःविषयी मात्र क्वचितच दाखवितो. एखादा विद्यार्थी रात्री जेवण झाल्यावर गणिताचे पुस्तक घेऊन बसतो. पाऊण तासात जेमतेम दोन उदाहरणे होतात आणि तीही चुकतात. असे चार दिवस घडले, की ‘मला गणित येतच नाही’ असा निकाल तो स्वतःवर देऊन टाकतो. गणित येत नाही, की त्या वेळी झोप येते, याचा तपास त्याने केलेलाच नसतो. या वयाच्या मुलांना रोज सुमारे नऊ तासांची झोप लागते. ती कमी पडली, तर लक्ष लागत नाही आणि स्वभावही चिडका होतो. चूक झोपेची असते, शिक्षा गणिताला होते; आणि एकदा मनातून उतरलेला विषय पुन्हा जवळ येणे फार कठीण असते.

यासाठी एक साधी वही पुरते. कोणत्या वेळी कोणते काम केले, ते कसे झाले आणि त्या वेळी शरीर व मन कसे होते, एवढे तीन-चार ओळींत रात्री लिहावे. ‘सकाळी सहा वाजता पाच उदाहरणे सोडविली, चार बरोबर आली, सायंकाळी धाकट्या भावावर विनाकारण ओरडलो, भूक लागली होती,’ अशी ती नोंद असावी. स्वतःस दोष देण्याची वा शाबासकी देण्याची जागा ती नव्हे. आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या, म्हणजे आपला राग बहुधा कोणत्या वेळी येतो व आपली बुद्धी कोणत्या वेळी ताजी असते, हे आपोआप दिसू लागते. मात्र दिवसभर स्वतःचीच नाडी धरून बसणेही बरे नव्हे. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात काय उगवणार!

असा हिशेब ठेवणारे एक थोर पुरुष खानदेशास चांगले परिचित आहेत. १९३२ साली आचार्य विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. परंतु विनोबांची स्वतःकडे पाहण्याची सवय त्याहून जुनी होती. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले. प्रकृती सुधारावी आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी संस्कृत ग्रंथांचे अध्ययन व्हावे, असे दोन हेतू त्यांच्या मनात होते. वर्ष सरत आले, तेव्हा त्यांनी गांधीजींस एक विस्तृत पत्र लिहिले. कोणते ग्रंथ वाचले, कोणास काय शिकविले, आहारात कोणते बदल केले, हे सारे त्यात आले होते. प्रकृतीसाठी आरंभी रोज दहा-बारा मैल चालणे, पुढे सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि शेवटी तीनशे सूर्यनमस्कार असा क्रमही त्यात नोंदलेला होता. एखाद्या व्यापाऱ्याने वर्षअखेर जमाखर्च मांडावा, तसे त्यांनी आपले एक वर्ष मांडले होते.

या सवयीची खरी कसोटी १९३८ साली लागली. अतिश्रमांनी विनोबांची प्रकृती इतकी खालावली, की त्यांचे वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो भरले. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला. तेव्हा ते वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे जाऊन राहिले. तेथे जाताना डोक्यातील सर्व कामांचे व विचारांचे ओझे मागे ठेवावयाचे, असे त्यांनी ठरविले होते. विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे, असा अर्थ त्यांनी केला नाही. आणि उतावीळपणे पूर्वीचे श्रमही सुरू केले नाहीत. कुदळ घेऊन ते शेतात खणू लागले. पहिल्या दिवशी खणले ते फक्त पाच मिनिटे. शरीर किती सोसते, हे पाहून दुसऱ्या दिवशी त्यांनी थोडी भर घातली, तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. खणतानाही ते मधूनमधून काही क्षण थांबत, त्यामुळे थकवा साचत नसे. असे करता करता खणण्याचा वेळ दोन तासांवर गेला, आणि काही महिन्यांत त्यांचे वजनही पुष्कळ वाढले.