कर्ण्याच्या युनिटची दुरुस्ती

कर्ण्याच्या मागील, विद्युत्संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या भागास 'युनिट' म्हणतात. त्यातील चुंबक दशकानुदशके टिकते. पडदा (डायफ्राम) व त्यास जोडलेले तारेचे वेटोळे (व्हॉइस कॉइल) मात्र अतिभाराने जळते किंवा दमटपणामुळे गंजते. शहापूर, मुरबाड या अतिपावसाच्या तालुक्यांत म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या यात्रेसारख्या प्रसंगांपूर्वी युनिट तपासणे हितावह ठरते.

मल्टिमीटरने मोजल्यास 16 ओहमच्या चांगल्या युनिटचा रोध त्याहून काहीसा कमी भरतो. वाचन अनंत आल्यास तार तुटलेली असते. अशा वेळी फक्त पडदा बदलतात. चुंबकाच्या फटीतील लोहकण चिकटपट्टीने काढून, वेटोळे न घासता मधोमध बसवतात. जुने अल्निको चुंबक सुटे केल्यास त्याची शक्ती घटते. म्हणून ते उघडू नये.